उघडं लोखंड

इंजिन साखळीला लटकत होतं आणि फिटर त्याच्याखाली गुडघे टेकून शिव्या देत होता. शिव्या इंजिनाला नव्हत्या. जुन्या गाडीत नवं इंजिन बसवायचं म्हणजे काय, चार बोल्ट काढायचे नि चार लावायचे, असं जो कोणी पहिल्यांदा म्हणाला असेल त्याच्या सात पिढ्यांना होत्या. आता खरं सांगायचं तर असं म्हणणारा दुसरा कोणी नव्हताच. फिटरच होता. वहिनीच्या स्वयंपाकघरात बसून, आयता चहा पीत, त्यानंच छातीठोकपणे सांगितलं होतं की हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे. त्याला आता कितीतरी महिने झाले होते आणि डावा हात, उजवा हात, दोन्ही सोलून निघाले होते.

इंजिन खाली सोडलं की त्याचं चेंबर, म्हणजे पोटाखालचं तेलाचं भांडं, चासीच्या आडव्या पट्टीवर जाऊन टेकायचं. ते चुकवायला पुढं सरकवलं की पंखा रेडिएटरला घासायचा. मागं ढकललं की गिअरबॉक्स अडायचा. वर उचललं तर बॉनेट लागायचं नाही. गाडी एवढी लांबलचक अमेरिकन, तिच्या बॉनेटखाली एखादं बिऱ्हाड सुखानं राहिलं असतं, पण हे एवढंसं नव्या जमान्याचं इंजिन काही राहायला तयार नव्हतं. फिटरच्या नाकी नऊ आले होते.

"काय रे बारक्या, बसतंय का?" दाराजवळच्या स्टुलावरून त्याच्या थोरल्या भावानं विचारलं.

"बसतंय ना. खुर्ची दे त्याला, म्हणजे लगेच बसेल."

"रंग खरवडू नकोस म्हणजे झालं," थोरला म्हणाला, आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड करून बसला.

बारक्या हे नाव त्याला लहानपणी पडलं ते पडलंच. आता पन्नाशी उलटली होती, गाडीखाली शिरायचं तर आधी पोट आत घ्यावं लागत होतं, तरी भावासाठी तो बारक्याच. बाकी सगळ्या गल्लीसाठी तो फिटर आणि थोरला पेंटर. वर्कशॉप एकच, शटर दोन. एका शटरमागं लोखंड, ठोकाठोक, वेल्डिंगचा धूर. दुसऱ्यामागं रंग आणि चिडीचूप. मधल्या भिंतीत एक दार होतं आणि ते कायम बंद ठेवायचं असा पेंटरचा कायदा होता, कारण फिटर जिथं जाईल तिथं धूळ घेऊन जातो आणि ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला की पेंटरचा अख्खा दिवस नासतो. पेंटरचा दिवस नासला म्हणजे घरच्या सगळ्यांचा नासला.

पेंटरचे असे बरेच कायदे होते, पण त्यातला एक असा की तो मोडलेला त्यानं कधी खपवून घेतला नाही. लोखंड उघडं ठेवून घरी जायचं नाही. आज जे घासलं, कापलं, जोडलं, त्यावर आज शटर ओढायच्या आत प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, हात फिरलाच पाहिजे. फिटर नवशिका होता तेव्हा एकदा एका गाडीचं दार वेल्डिंग करून तसंच टाकून मॅच बघायला पळाला होता. सकाळी दारावर गंजाची तांबूस साय आलेली. पेंटर ओरडला नाही, हात उगारला नाही. अख्खं दार त्यानं फिटरकडून पॉलिश पेपरनं हातानं घासून घेतलं, स्वतः रंगवलं, आणि मग बरेच दिवस त्याच्याशी बोलला नाही. जेवताना पाणी हवं असलं तरी आईला सांगायचा, त्याला म्हणावं तांब्या इकडं कर. त्यानंतर फिटरनं दार उघडं टाकलं नाही. निदान भावाच्या देखत तरी.

आणि या माणसाची रंग तपासायची रीतही न्यारी. काम झालं की तो पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि बघायचा भलतीकडंच, रस्त्याकडं नाहीतर छताकडं. समोरचा काचवाला सुरुवातीला म्हणायचा, पेंटरचं लक्ष नसतं कामात. लक्ष सगळं बोटांत असायचं. नखाएवढा खड्डा राहिला असला तरी हात तिथं थांबायचा आणि मग सगळं परत.

ही गाडी त्यांच्या पदरात पडली ती अशीच. कोणीतरी रंगवायला आणून लावली आणि परत आलाच नाही. वाट बघून बघून पेंटरनं ती स्वतःसाठी रंगवली. हिरवी. पण असा हिरवा की कुठल्याच कंपनीच्या कार्डावर सापडायचा नाही. आठ-दहा डब्यांतून थोडं थोडं घेऊन, रोज उन्हात नेऊन बघून त्यानं तो जमवला होता. पोरांनी गाडीला नाव दिलं आगबोट. पुढची सीट अख्खी एकच, दिवाणखान्यातल्या कोचासारखी. तिच्यावर दोन्ही भावांची पोरं लोळली, भांडली, ओकली आणि मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली. मग एका चढावर आगबोट तापली, इंजिनाचा ब्लॉक तडकला आणि खेळ आटोपला. त्या इंजिनाचे पार्ट आता कुठं मिळणार? मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती उभी राहिली ती राहिलीच.

तिला पुन्हा हात लावायचं कारण पेंटरचे डोळे. काचबिंदू निघाला. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते औषधानं टिकेल तेवढं टिकेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. पेंटरनं आपल्या हातानं रंगाचं शटर खाली ओढलं. नंतर एक दिवस वहिनीच्या स्वयंपाकघरात तो म्हणाला, "बारक्या, आगबोट एकदा उठव. दिसतंय तोवर मला ती एकदा चालवायचीये. गावाबाहेरच्या बंद धावपट्टीवर. तिथं कोणाला धक्का लागायची भीती नाही."

या माणसानं आयुष्यात कधी कोणाकडं काही मागितलं नव्हतं. म्हणूनच फिटर ते डाव्या हाताचं वाक्य बोलून बसला. मग त्यानं धडकलेल्या एका नव्या गाडीचं चांगलं इंजिन मिळवलं, कॉम्प्युटरसकट, वायरींच्या गुंत्यासकट, आणि स्वतःची मान त्या गुंत्यात घातली. आता एका बाजूला इंजिन होतं आणि दुसऱ्या बाजूला भावाचे डोळे, आणि दोघांतलं कोणीच त्याच्यासाठी थांबायला तयार नव्हतं.

चेंबर त्यानं कापलं, आखूड केलं, पुन्हा जोडलं. गळलं. पुन्हा जोडलं, पुन्हा गळलं. गळायचं थांबलं तेव्हा सायलेन्सरचा पाइप स्टेअरिंगच्या दांड्याला टेकला. पाइप वळवला तर तो वायरीच्या इतका जवळ गेला की वायरी शिजल्या असत्या. इंजिन ज्यावर टेकतं ती माउंटिंग नवी बनवली, ती बोटभर उंच झाली. पुन्हा बनवली, ती वाकडी झाली. काचवाला रोज चहाच्या वेळेला येऊन तेच सांगायचा, अरे बॉनेटला भोक पाड नि मोकळा हो. फिटर त्याला हाकलून द्यायचा. बॉनेटवर भावाचा रंग होता. त्याला कानस लावण्यापेक्षा त्यानं स्वतःच्या मांडीला लावली असती.

बायकोनं डब्याबरोबर निरोप पाठवायला सुरुवात केली, की घरी येणार नसाल तर इंजिनालाच भरवा. ते एक परवडलं. वहिनीचं काही बोलणं नव्हतं, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. संध्याकाळी ती ओट्यावर उभी असायची, त्याच्या तोंडाकडं बघायची आणि आत जायची. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. शेवटी फिटर मागच्या बोळातून घरी जायला लागला.

आणि पेंटर रोज येऊन स्टुलावर बसत होता. सकाळी वहिनी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायची, पुढचं तो भिंतीला हात लावत यायचा. फिटर विचारायचा, "डोळे कसे आहेत?" तो म्हणायचा, "आहेत की जागेवर." फिटर म्हणायचा, "दिसतंय ना?" तो म्हणायचा, "तुझं पोट दिसतंय, आणखी काय दिसायला पाहिजे?" मग फिटर हसायचा आणि पुन्हा गाडीखाली जायचा.

अखेर एकदाचं इंजिन बसलं. बॉनेटही लागलं, भोकाशिवाय. वायरींसाठी पलीकडच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याला सगळे करंट म्हणायचे; हाडकुळा, बडबड्या, फिटरचा शाळेपासूनचा दोस्त. तो लॅपटॉप घेऊन आला, सीटवर मांडी घालून बसला आणि सांगू लागला की जुन्या गाड्यांचं बरं होतं, अर्थिंग इथून तिथून कसंही मिळालं तरी चालायच्या. हा कॉम्प्युटर तसा नाही. याला बॅटरीपासून चासीपर्यंत आणि चासीपासून इंजिनापर्यंत स्वच्छ धातूला धातू लागला पाहिजे, नाहीतर तो भंजाळतो. फिटरनं चासीवर खाली तीन जागा चांदीसारख्या घासल्या आणि तिथं वायरी बोल्टनं आवळल्या.

पेंटर उठून जवळ आला. आत हात घालून त्यानं सगळं चाचपलं, चेंबर, माउंटिंग, पाइप, आणि त्याची बोटं एका घासलेल्या जागेवर थांबली.

"हे उघडं का राहिलंय?"

"नंतर बघू, दादा," फिटर म्हणाला. त्याच्या तोंडात टॉर्च होता आणि डोक्यात शंभर गोष्टी.

त्याच दुपारी आगबोटीनं सेल्फ घेतला. एका झटक्यात. आवाज इतका हलका की करंटनं लॅपटॉपवर बघून खात्री केली. फिटरनं भावाला मिठी मारली, ग्रीससकट. पेंटर म्हणाला, "शर्ट गेला माझा," पण त्यानं मिठी सोडली नाही. त्या संध्याकाळी फिटर मागच्या बोळानं नाही, सरळ ओट्यासमोरून घरी गेला आणि वहिनीला म्हणाला, "रविवारी धावपट्टीवर." वहिनी हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. फिटरनं ते पाहिलं आणि सोडून दिलं.

रविवारच्या आत आगबोट मेली. सेल्फ नुसता टकटक करायचा. मधेच कधी चालू झालीच तर उचक्या द्यायची, तेलाचा काटा नाचायचा, दिवे मंद व्हायचे, आणि बंद. करंटनं येऊन तिन्ही जागा सोडवल्या, पुन्हा घासल्या, आवळल्या. चालू. तो म्हणाला, खाली काळं काहीतरी धरलं होतं, तेलाचा कचरा आला असेल. फिटर घाईत होता, त्यानं मान डोलावली. पुढच्या रविवारच्या आत पुन्हा मेली.

यानंतर जे दिवस गेले ते फिटरला आजही कोणी आठवायला लावू नयेत. सेन्सर बदलले. पेट्रोलचा पंप बदलला. नवी बॅटरी आणली. कॉम्प्युटर काढून दुसऱ्या गाडीत लावून बघितला, तिथं तो एखाद्या शहाण्या मुलासारखा वागला. करंट म्हणाला, "मला विचारशील तर पुन्हा अर्थिंग उघडू."

"ते मी घासलंय."

"हो, पण..."

"नंतर तूही घासलंस. तुझ्या डोळ्यांदेखत चमकत होतं. मग काय, आपल्या दोघांना घासता येत नाही?"

"मी मीटर लावून बघतो फक्त."

"मीटर तुझ्या वायरींना लाव," फिटर म्हणाला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "माझ्या कामाला मीटर लावायचा नाही. माझं लोखंडाचं काम आजवर कोणी तपासलं नाही. खोट असेल तर तुझ्या त्या खेळण्यात आहे. लॅपटॉप घेऊन बसतोस नि तोंडाचा पट्टा चालवतोस."

करंटनं लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली आणि निघून गेला. इतक्या वर्षांत तो काही न बोलता गेला अशी ही पहिलीच वेळ. पेंटर स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, "त्याला कशाला बोललास?" फिटर म्हणाला, "तू तरी आता शिकवू नकोस."

शेवटी फिटरनं हात टेकले. इंजिन उतरवायचं, ताडपत्री टाकायची आणि भावाला सांगायचं की नाही जमलं. कसं सांगायचं याचा विचार करत त्यानं सकाळपासून तिसरा चहा घेतला. पेंटर दाराशी होताच. फिटरनं साखळी ओढली, आणि रंगाला ओरखडा पडू नये म्हणून मडगार्डवर घातलेली जुनी चादर नीट पसरायला उचलली.

चादरीखाली, त्या हिरव्यावर, तळहाताएवढा काळा डाग होता. सुकलेला. त्याच्यातून एक ओघळ खाली गेलेला.

फिटरला आधी कळेचना. मग त्याला वाटलं करंट. आणि करंटला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी घालूनही झाली. पण करंटकडं काळा रंग कुठून येणार? त्यानं टॉर्च आत मारला. रबरी पाइपवर काळं. वायरींच्या जुडग्यावर काळं. फिटरनं पाना घेतला, चासीवरचा पहिला बोल्ट सोडवला आणि वायर वर उचलली. चांदीसारखी घासलेली जागा काळीभोर होती. वरवर फासलेली नाही. बोल्ट काढून, वायर बाजूला करून, खाली नीट प्रायमर मारून, सुकवून, पुन्हा बोल्ट आवळलेला. दुसरीकडं तेच. तिसरीकडं तेच. असं काम करणारा माणूस या गल्लीत एकच होता.

"दादा." तो एवढ्या जोरात ओरडला की समोरचा काचवाला बाहेर आला. "हे तू केलंस?"

"काय?"

"हा प्रायमर."

"मग? उघडं राहिलं होतं ना." पेंटर शांतपणे म्हणाला. "तुला विचारलं तर म्हणालास नंतर बघू. तुझं नंतर मला चांगलं ठाऊक आहे. तू जेवायला गेलास की मी मारून टाकायचो. परत कोणीतरी घासून ठेवलेलं, परत मारला."

"अरे तिथं अर्थिंग होतं. धातूला धातू लागायला हवा होता तिथं. तुझ्या या रंगापायी मी पंप बदलला, बॅटरी बदलली, दोस्त गमावला. महिनाभर डोकं फोडून घेतोय मी, आणि तू मागून डबा घेऊन फिरतोयस." फिटरचा आवाज चिरकला होता. "आणि रंगवलंस ते रंगवलंस, हा मडगार्डवर काय घाण डाग पाडून ठेवलायस? तुझ्याच रंगावर? दुसऱ्या कोणी पाडला असता तर जिवंत सोडलं असतंस का?"

"डाग पडलाय?"

"ये, बघ."

पेंटर उठला. गाडीच्या कडेला हात लावत लावत आला आणि मडगार्डवर वाकला. "हो रे, लागलाय की," तो म्हणाला. खिशातलं फडकं काढून, त्यावर थुंकी लावून तो घासायला लागला. मन लावून, गोल गोल. डागापासून हातभर अंतरावर, स्वच्छ हिरव्या पत्र्यावर.

फिटरनं हातातला पाना खाली ठेवला.

"दादा, डाग कुठाय?"

"हा काय इथं."

"कुठं?"

पेंटरचा हात थांबला. मग त्यानं फडक्याची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"कधीपासून?" फिटरनं विचारलं.

"तू चेंबर कापत होतास ना, तेव्हापासून. डावा त्याच्या आधीच गेला होता. उजव्यात थोडा उजेड आहे. दार कुठं आहे ते कळतं."

म्हणजे सुरुवातीपासूनच. म्हणजे ती सगळी धावपळ, ते रविवार, ते मागच्या बोळातून चोरासारखं घरी जाणं, सगळं अशा डोळ्यांसाठी चाललं होतं जे आधीच गेले होते. फिटर जमिनीवर बसला, तेलातच. त्याला रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला.

"मग मी मरत कोणासाठी होतो? बोललास का नाहीस?"

"बोललो असतो तर तू काम सोडलं असतंस."

"सोडलंच असतं. तुला घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो असतो."

"म्हणूनच नाही बोललो." पेंटर चाचपत त्याच्याशेजारी खाली बसला. "तू रोज इथं ठोकत असायचास, मी रोज येऊन बसायचो. घरी बसून काय करू, सांग. आणि ते उघडं लोखंड बोटाला लागलं तेव्हा मला बरं वाटलं रे. म्हटलं, एवढं तरी आपल्याला अजून जमतंय."

"वहिनीला माहितीये?"

"तिला काय सांगायचंय. सकाळी शर्टाची बटणं तीच लावून देते."

फिटरनं भावाच्या हातांकडं पाहिलं. नखांत काळा रंग होता. इतके दिवस तो त्याच्यासमोर होता आणि फिटरला दिसला नव्हता. डोळे तर त्याचे स्वतःचे चांगले होते.

दुसऱ्या दिवशी फिटर करंटच्या दुकानात गेला. "अर्थिंगच होतं," तो दारातून म्हणाला. "चुकलं माझं." करंटनं मीटर उचलला आणि बरोबर आला. तिन्ही जागा घासून झाल्यावर फिटरनं भावाचा हात धरून एकेका जागेवर ठेवला. "हे असंच राहणार, दादा. उघडं."

"गंजेल."

"गंजू दे. पुन्हा घासू."

पेंटरनं तोंड वाकडं केलं, पण डबा मागितला नाही.

रविवारी आगबोट धावपट्टीवर उभी होती. तडे गेलेलं सिमेंट, कडेनं गवत, माणूस कोणी नाही. वहिनी मागच्या सीटवर बसली होती. पेंटर स्टेअरिंगमागं बसला, त्यानं दोन्ही हात वर ठेवले आणि चावी फिरवली. एका झटक्यात चालू. फिटर बाहेर दार धरून उभा होता. धावपट्टी मोकळी आहे, मी शेजारी बसून डावं-उजवं सांगतो, असं त्यानं रात्रभर घोकून ठेवलं होतं.

पेंटरनं बराच वेळ नुसता आवाज ऐकला. मग तो त्या लांब सीटवरून हळूहळू पलीकडं सरकला, थेट दुसऱ्या दारापर्यंत.

"बस," तो म्हणाला. "मला दिसत नाही, बारक्या."

फिटर बसला. धावपट्टीच्या टोकापर्यंत तो गेला आणि वळला. अर्ध्या वाटेवर पेंटर म्हणाला, "उन्हात रंग कसा दिसतोय?"

"चांगला दिसतोय. हिरवा."

"हिरवा मलाही ठाऊक आहे. नीट बघून सांग."

फिटरनं गाडी थांबवली आणि खाली उतरला. आयुष्यभर त्यानं लोखंड पाहिलं होतं, त्याच्यावरचा रंग बघायचं काम दुसऱ्याचं होतं. तो थोडा लांब जाऊन उभा राहिला. "टपावर ऊन आहे तिथं जरा पिवळट," तो चाचरत म्हणाला. "दारांवर गडद. खाली चाकांच्या वर सावलीत निळा वाटतो, पण निळा नाही."

"नाहीच तो निळा." पेंटर खिडकीतून बाहेर तोंड काढून ऐकत होता. "आणि मडगार्डवर?"

"मडगार्डवर काळा डाग."

"अजून तसाच?"

"तसाच."

"रंगाचं शटर उद्या उघड," पेंटर म्हणाला. "तो घासायचा आणि तेवढा तुकडा पुन्हा रंगवायचा. डबे कुठले, किती, ते मी सांगतो. हात तुझा."

"मला रंग मारता येत नाही, दादा."

"ठाऊक आहे मला," पेंटर म्हणाला. "येताना अंगावरची धूळ झटकून ये."